लाल टिक

आमच्या ऑफिसातल्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या घाटकोपरात दुसरा नसेल. नात्याने ते माझे कुणी नव्हेत. सीएच्या ऑफिसात आमची टेबलं वीस वर्षं शेजारी होती, एवढंच. पण आलेला प्रत्येक मेल छापून, लाल पेन्सिल घेऊन वाचणारा प्राणी मी तेवढा एकच पाहिला. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्या नावाने खोटे मेल आम्हाला नेहमीच येतात. काका ते मुलीला स्थळ आल्यासारखे तपासत. पाठवणाऱ्याचा पत्ता बोट ठेवून एकेक अक्षर वाचायचे. "कंपनीला आपलं नाव, लायसन्स नंबर माहीत असतो, आणि हा 'प्रिय ग्राहक' म्हणतोय. सख्खा भाऊ कधी 'प्रिय नातेवाईक' म्हणून हाक मारतो का गं?" मग मेलमधला नंबर सोडून जुन्या बिलावरच्या नंबरावर फोन. एकदा मेल खरोखरच कंपनीचा निघाला, तेव्हा तिथल्या मुलीची त्यांनी अशी उलटतपासणी घेतली की ती बिचारी म्हणाली, "सर, आता मलाच खात्री वाटेना." मी वैतागायचे. "काका, बस ना आता, कामाची वाट लागली." ते शांतपणे पेन्सिलीला टोक काढायचे. "घाई करणारा आणि फार गोड बोलणारा, दोघांना फुली. टिक फक्त खऱ्याला."

काकू मालवणच्या. घरी मसाले करून विकायच्या, आणि त्याचा हिशेब काका घरच्या कॉम्प्युटरवर त्याच सॉफ्टवेअरमध्ये, ऑफिसच्याच थाटात ठेवायचे. प्रत्येक नोंदीखाली शेरा लिहायला जागा असते. आम्ही तिथे 'चेक मिळाला' असलं काहीतरी रटाळ लिहितो. काकू मिरच्या भाजता भाजता शेरे सांगायच्या आणि काका निमूट टाइप करायचे. 'पाटकरीण: हिका तिखट सोसना नाय, तरी मागता.' 'तिसरा माळा: डबो परत देना नाय.' एक शब्द काकांनी कधी बदलला नाही. गेल्या वर्षी काकू गेल्या. मसाले थांबले, पण काका रोज संध्याकाळी त्या नोंदी उघडून बसायचे. वाचताना तिचा आवाज येतो म्हणायचे.

आणि घरी तो मेल आला. प्रिय ग्राहक, तुमचं लायसन्स संपलंय, चोवीस तासांत खालची लिंक दाबा, नाहीतर सगळा डेटा पुसला जाईल. तो रविवार होता, जुन्या बिलावरच्या नंबरावर कुणी फोन उचलेना. काकांनी लिंक दाबली. सोमवारी सगळ्या फायलींना कुलूप. बॅकअपचा पेनड्राइव्हही मशीनलाच खोचलेला, तोही गेला. मी कॉम्प्युटरची जाणती दोन माणसं नेऊन मशीन दाखवलं, दोघांनीही हात वर केले.

मला रागच आला. "काका, तुम्ही? आम्हाला शिकवणारे तुम्ही?"

"सगळं दिसलं होतं गं. पत्ता चुकीचा, घाई, सगळं. खोटा आहे हे कळलं होतं मला. पण समजा, खरा असता तर?"

मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठले.

आता काका एका वहीत ते शेरे आठवून लिहितात. खात्री असेल त्यालाच लाल टिक. त्या दिवशी विचारत होते, "तुझी आई न्यायची ना मसाला? तिच्या नावाखाली काय होतं?" मला काय ठाऊक? पण त्यांचा चेहरा बघवेना. मी ठोकून दिलं, "आईला काकू म्हणाल्या होत्या, 'बाई स्वभावान लय गोड.'"

काका ऐकून हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

"एवढं गोड ती कुणाबद्दलच बोलली नाही गं," म्हणाले. तरी त्यांनी ते वाक्य सावकाश, जसंच्या तसं लिहून घेतलं. फुली मारली नाही. टिक मात्र केली नाही.