सरासरी छत्तीस

प्रेमराज सर आमच्या धुळ्याच्या कॉलेजात बारावीला गणित शिकवतात. शेजारच्या वर्गात मी फिजिक्स शिकवतो. मधली भिंत पातळ, त्यामुळे मीन व्हॅल्यू थिअरम मला न शिकताच पाठ झालं आहे.

माणूस मूळचा भडगावचा, बोलायला लोण्यासारखा आणि मार्क कापायला कसाई. त्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे x चा घन, उणे दोनपासून एकपर्यंत. पोरं धडाधड सोडवायची. दोन टोकांमधला सरासरी चढ तीन, डेरिव्हेटिव्ह तीन x वर्ग, म्हणून c एक किंवा उणे एक. इथे सर खडू आपटायचे. "एक हे टोक आहे. टोक धरायचं नाही. जे घडतं ते मध्ये कुठेतरी घडतं!" आणि 'ही बहुपदी आहे, म्हणून ती कुठे तुटत नाही, कुठे कोन करत नाही' ही पहिली ओळ ज्यानं गाळली, त्याचा मार्क गेलाच समजा.

मग सोनगीरची बस यायची. "बसची सरासरी साठ आली, तर मध्ये कुठेतरी काटा बरोबर साठवर होताच. ड्रायव्हरनं देवाची शपथ घेतली तरी होताच. पण उलटं नाही हं! सरासरी तीस आली, म्हणून गाडी ऐंशीवर गेलीच नाही असं लिहाल, तर भोपळा."

सरांना एकच मुलगी, पुनम. नरडाण्याच्या कंपनीत नोकरीला, रोज स्कूटीवर जायची. गेल्या हिवाळ्यात सोनगीरच्या पुढे, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर ती मागून आदळली. जागीच गेली.

द्वारदर्शनाला, म्हणजे दुखवट्याला, येणाऱ्या लोकांच्या जिभेला हाड नव्हतं. ओट्यावर टेकायच्या आतच कुणीतरी म्हणायचं, "पोर गाडी जोरमा चालाडी राहिंती म्हनतस." मला एकेकाला उठवून हाकलावंसं वाटायचं. सर मात्र शांतपणे सांगायचे, "दहाला घरून निघाली. पंचनाम्यात अपघाताची वेळ अकराला दहा कमी. अंतर तीस किलोमीटर. सरासरी छत्तीस. जोरात कुठून असेल?"

हे उत्तर त्यांच्या वर्गात कुणी दिलं असतं तर त्याला भोपळा मिळाला असता. मला ते कळत होतं, त्यांना तर कळत होतंच. पण दाराआड पुनमची आई, दिपमालावहिनी, उभ्या असायच्या. बाकी गणित त्यांना कळत नव्हतं, छत्तीस तेवढं कळायचं. तो आकडा ऐकला की त्या दोन घास खायच्या. मग मी कशाला तोंड उघडू?

महिन्याभरानं सर म्हणाले, "ती जागा बघायचीय." माझ्या गाडीतून निघालो. सोनगीरला तांब्यापितळेच्या दुकानातून एकानं हात करून आम्हाला थांबवलं. हेमराज नावाचा भांडेवाला. सरांचा फोटो त्यानं पेपरातल्या बातमीत पाहिला होता. आतून तो तांब्याची कळशी घेऊन आला. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव टाकलेलं होतं : सौ. दिपमाला.

"सर, त्या दिन तुमनी पोर आठेच बठेल व्हती. मन्ही मायनं नाव शे, चांगलं टाका म्हने. नाव व्हस तवलोंग हालनी नही. मंग घड्याळ दखं, आनि कळशी सांजले लई जासू म्हनीसन पळनी."

"किती वेळ बसली होती?" सरांनी विचारलं.

"व्हतीन पंचवीस मिन्टं."

सर कळशी मांडीवर घेऊन गाडीत बसले. पुढे जायचं नाही म्हणाले. मी गाडी वळवली. परतीच्या वाटेवर त्यांनी खिडकीबाहेर बघत उत्तर सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

"निम्मा वेळ तर ती बसून होती. मग बहात्तर."

मी गाडी हळू केली.

"म्हणजे मध्ये कुठेतरी बहात्तर होताच," ते म्हणाले आणि रडायला लागले. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहत होतो. आईच्या नावापायी पोरीला उशीर झाला, आणि तो भरून काढायला तिनं गाडी पळवली. हे घरी कोणत्या तोंडानं सांगायचं?

घरी वहिनींनी कळशी हातात घेतली. नावावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"हाई कवय लिन्ही तिनी?"

"आदल्या आठवड्यात घेऊन ठेवली होती म्हणे," सर म्हणाले.

"मंग त्या दिन कोठेच थांबनी नही?"

"नाही."

वहिनींनी कळशी पोटाशी धरली. "बठ्ठा लोके काहीबी म्हनतस. मन्ही पोर हळूच जाई राहिंती ना?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"छत्तीस," सर म्हणाले. "मध्ये कुठेच त्याच्यावर नाही."