पंचवीसच्या गेजवरचा अंगठा

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे. आमच्या वलगावात कुणी म्हणालं की अमक्या विहिरीजवळ बाई दिसते, की मी विचारायची — उंची किती होती? मोजता येत नाही ते माझ्यासाठी नसतंच. गेली सहा वर्षं अकोल्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या क्वालिटी रूममध्ये मी मायक्रॉनमध्ये मापं घेते. त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात तरी मला राग येणार नाही... मीही हसलेच असते.

आधी थोडं मागचं सांगावं लागेल. अमरावतीला मी टूल अँड डायचा कोर्स करत होते. वर्गात मुली दोनच — मी आणि अचलपूरची कांचन. तिची एसटी वलगाववरूनच यायची. खिडकीजवळ ती, शेजारी तिचा रुमाल पसरलेला. मी चढले की रुमाल उचलायची. दोन वर्षं मी त्या बसमध्ये उभी राहिले नाही.

कांचनचा हात लेथवर असा बसला होता की बोंडे सर मुलांना तिनं घडवलेला जॉब दाखवायचे. मी जेमतेम. पण तिच्यात एक खोट होती. काही लोकांच्या घामात काय असतं कोण जाणे, त्यांनी नुसता पोलादाला हात लावला तरी दुसऱ्या दिवशी तिथं तांबूस गंजाचा ठसा उमटतो. कांचनचा हात तसा. पहिल्याच महिन्यात तिनं हे सरांना आपणहून सांगितलं — हात दाखवून अवलक्षण. सर म्हणाले, "काही नाई होत, हातमोजे घालत जाय." ती घालायची. एकदाही चुकली नाही.

त्याच वर्षी लेथवरून उडालेल्या धातूच्या गरम चिपनं तिचा उजवा अंगठा कापला. आडवी, जरा तिरकी खूण राहिली. पट्टी मीच बांधली होती, म्हणून ती खूण मला पाठ आहे.

आमच्या लॅबमध्ये स्लिप गेजची पेटी होती. हे आरशासारखे चकचकीत पोलादी ठोकळे. बाकीची मोजायची साधनं त्यांच्यावरून तपासतात. वापरले की पुसायचे, व्हॅसलीन लावून ठेवायचे. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या दिवशी पंचवीस मिलिमीटरचा ठोकळा शेवटी मी वापरला. बसची वेळ झाली होती. हात धुतले, ओल्या हातांनीच तो न पुसता पेटीत ठेवला आणि पळाले.

सुट्टीनंतर पेटी उघडली तर त्यावर गंजाचा मोठा डाग. बोंडे सरांनी कुणालाच विचारलं नाही. सरळ कांचनकडे पाहिलं. "तुले सांगतलं होतं ना, मोजे घाल म्हणून?" कांचन म्हणाली, "मी हात नाई लावला, सर." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून बसले.

पुढच्या महिन्यात अकोल्याचे कंपनीवाले आले. क्वालिटी रूमसाठी त्यांना एकच मुलगी हवी होती. सर म्हणाले, कांचन मशीनवर उत्तम, पण मोजमापाच्या खोलीत तिचा हात चालणार नाही. जागा मला मिळाली. कोर्स संपेपर्यंत बसमध्ये तिचा रुमाल रोज सीटवर होता, आणि मी रोज बसत होते. नंतर तिचं लग्न झालं, तिवस्याजवळच्या खेड्यात. फोन आधी कमी झाले, मग बंद.

आता मुद्द्याची गोष्ट. यंदा एप्रिलमध्ये आमची गेजची पेटी तपासणीसाठी बाहेरच्या लॅबला जाऊन परत आली. पॅकिंगला सील. दुपारची वेळ, खोलीत एसी वीसवर, मी आणि गजाननभाऊ नावाचे आमचे मदतनीस. मी हातमोजे घातले, सील तोडलं, पेटी उघडली. सगळे ठोकळे लखलखीत. फक्त पंचवीसवर एक तांबूस ठसा.

मी फडक्यानं पुसलं. निघेना. भिंगाखाली धरलं... बारीक रेषा, गोल वळणं, आणि मधून आडवी, जरा तिरकी एक खूण.

गजाननभाऊंना दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, हा तं आंगठा हाय." म्हणजे भास नव्हता. लॅबला फोन केला. त्यांच्या रिपोर्टात पंचवीस एकदम स्वच्छ. खरं सांगते, मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती.

रविवारी मी तिवसा आणि तिथून तिचं खेडं गाठलं. तिच्या आईकडून पत्ता घेतला होता. मनात ठरवलं होतं की कांचन अकोल्याला कधी आली होती का, एवढं आधी विचारायचं. अंगणात दोन म्हशी, बाजूला कडबा. कांचननं दार उघडलं. "एवढ्या उनाची कायले आली वं? ये, बस." चहा आणला. कप डाव्या हातात होता. उजव्या हाताला अंगठा नव्हता.

"कुटार कापाच्या मशीनीत गेला," ती म्हणाली. "तीन वर्स झाले."

मी मोबाइलवरचा त्या ठशाचा फोटो पुढे केला. तिनं तो बराच वेळ पाहिला. मोठा करून पाहिला. "हा माहा हाय," ती हळूच म्हणाली. "कुठं भेटला?"

मग मी सगळं सांगितलं. दिवाळी, ओले हात, बस. रडले. ती रडली नाही.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी बसमंदी तुहे हात ओले होते. मी इचारलं, पुसलं काय गेज? तू हो म्हणली. मंग सरापुढं मी वाट पायत होती, का तू आता बोलशीन... मंग बोलशीन."

मला वाटलं ती हाकलून देईल. तिनं भाकर खाऊ घातली. निघताना विचारलं, "तो ठोकळा काय केला?" मी म्हटलं, कपाटात वेगळा ठेवलाय. "व्हॅसलीन लाव," ती म्हणाली. "नाई तं गंज वाढते."

तिवस्याच्या स्टँडवर ती मला सोडायला आली. बस लागली तेव्हा गर्दी होती. कांचन माझ्याआधी आत घुसली, खिडकीजवळच्या सीटवर रुमाल टाकला, आणि मी पोचल्यावर तो उचलून खाली उतरली. त्या सीटवर मी अमरावतीपर्यंत कशी बसले, माझं मला माहीत.

तो ठोकळा आम्ही बाद केला. माझ्या कपाटात आहे. दर सोमवारी व्हॅसलीन लावते. ठसा वाढत नाही, पुसटही होत नाही.

सीलबंद पेटीत, तीन वर्षांपूर्वी गेलेल्या अंगठ्याचा ठसा कसा आला? माहीत नाही. मला विचारू नका. पण कांचननं दारात शेवटी एकच विचारलं होतं, "तवा काहून नाई बोल्ली?" आणि त्याचं उत्तर मला आधीपासून माहीत होतं. मला अकोल्याची जागा हवी होती.