बत्तीस घरांच्या शिडाला धक्का बंद

रविवार, ११ जानेवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. नावपिंपरीच्या धक्क्यावर मी उजवा पाय ठेवला आणि तिकीट खिडकीतून आवाज आला, "ओ आजी, पाय मागं घ्या! शिडाच्या होडीला धक्का बंद हाय." मी सदुसष्ट वर्षांची आहे आणि माझे दोन्ही गुडघे कुरकुरतात. तरी मला पन्नास पावलं पलीकडे, नडगीभर चिखलात उतरावं लागलं. मी घड्याळ पाहिलं होतं. पोस्टात तीस वर्षं काउंटरवर बसलेली बाई वेळ विसरत नाही.

असा घाट असूनही तिथे जरूर जा, असंच मी सांगणार आहे. का, ते वाचा.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आमच्याकडून जहाजांचे प्रकार तोंडपाठ करून घेतले होते, पण जालन्यात जहाज कुठून येणार? निवृत्त झाल्यावर मुलगा म्हणाला, गोव्याला क्रूझवर जा. मला नाचगाण्याचं तरंगतं हॉटेल नको होतं, शीड हवं होतं. मग कळलं की माझ्या शेजारणीची नणंद कौसाबाई धरणाच्या पाण्यावर शिडाची होडी चालवते. तेही आपल्याच जिल्ह्यात!

शनिवारी जालना ते अंबड एसटीने गेले. तिकीट अर्धं, धक्के पूर्ण. पुढे अंकुशनगरच्या बाजूने उसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत शेअर जीप जाते. या दिवसांत एक तास जास्तीचा धरा आणि तोंडाला रुमाल बांधा. संध्याकाळी कौसाबाईच्या वस्तीवर पोचले. शेतात ज्वारीचा हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी. तेवढ्यासाठीसुद्धा मी पुन्हा जाईन.

सकाळी शीड पाहिलं आणि मी बघतच राहिले. खताची रिकामी पोती उसवून, धुऊन, एकाला एक शिवलेली. वस्तीत बत्तीस घरं आहेत, आणि दरसाल पेरणी झाली की प्रत्येक घरानं एक पोतं द्यायचं अशी रीत आहे. ज्या घराचं पोतं फाटेल, त्याच घरच्या बाईनं ते बदलायचं. होडी कौसाबाई हाकते, पण शीड सगळ्यांचं. पलीकडे नावपिंपरीच्या रविवारच्या बाजाराला सगळ्या बाया या होडीतूनच जातात. रस्त्यानं गेलं तर अर्धा दिवस वळसा पडतो.

"बाई, दोर घट धरा," कौसाबाईनं मला दटावलं. "पाव्हण्यावानी नुसतं बसायचं न्हाई."

"कुठल्या बाजूला ओढू?"

"वारं सांगल की."

वांग्यांची पाटी मांडीवर घेऊन बसलेली सुमन हसली. "मावशे, ह्या पोस्टातल्या हायत. वाऱ्याला बी आधी फारम भरायला लावतील!"

मी उत्तर देणार होते, तेवढ्यात शीड भरलं. होडी एका अंगाला कलली आणि सरळ निघाली. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, फक्त पोत्यांची फडफड. सदुसष्टाव्या वर्षी मी मोठ्यानं ओरडले. भीतीनं नव्हे.

आणि मग तो धक्का. चिखलातून वर आल्यावर मी कौसाबाईला विचारलं, हा काय प्रकार?

"दिवाळीत मोटारबोटीवाले आले, तवापासून परवाना लागून राह्यला. आमी फारम भरला. मालकाचं नाव लिवायला एकच रेघ होती. आमी बत्तीस बायांची नावं लिवली, मागल्या पानावर बी गेली. खिडकीतल्यानं फारम वापस केला. म्हने, एकच मालक लिवा."

"मग तुमचं लिहायचं."

"माझं एकटीचं लिवलं तर उद्या माझा लेक म्हनंल, शीड आमचं. मंग ह्या बायांनी कुठं जायचं?" ती पाण्याकडे बघत म्हणाली. "ह्या महिन्यानंतर चिखलात बी उतरू देणार न्हाईत."

घाटावरच्या खानावळीत तळलेला मासा आणि ज्वारीची भाकरी खाल्ली. दीडशे रुपये, मासा ताजा, ठेचा जहाल. पोट भरल्यावर माझी जीभ चांगली चालते. मी सरळ खिडकीवर गेले.

"शिडाला बंदी आहे हा नियम दाखवा."

"तोंडी हाय, आजी."

"मग तो तोंडातच ठेवा. मला कोरा फॉर्म द्या."

मालकाच्या रेघेवर मी लिहिलं, 'वस्तीतील बत्तीस कुटुंबे, यादी सोबत जोडली आहे.' कौसाबाईनं पदरात जपून ठेवलेला जुना फॉर्म मागे टाचला. खिडकीतल्या माणसानं नकाराची मान हलवली. "असं चालत न्हाई."

"चालत नाही असंच लिहून द्या. सही, शिक्का, तारीख."

माझ्यामागे मोटारबोटीच्या तिकिटाची रांग लांबत होती. कुणीतरी ओरडलं, "अहो, मारा की शिक्का! आमी काय इथंच जेवायचं का?" शिक्का पडला. आवक क्रमांकासह पोच माझ्या हातात आली. मग तो माणूस खिडकीतून वाकून शिडाकडे बघत म्हणाला, "खरंच घरोघरचं पोतं हाय? मला कुणी सांगितलंच न्हाई." आणि हळू आवाजात, "आज परतताना धक्क्यावरूनच बसवा बायांना. साहेब आले की मी बी बोलतो."

त्या दुपारी बाया कोरड्या पायांनी होडीत बसल्या. सुमननं धक्क्यावरून मला दोनदा हात केला. मी बसनं जालन्याला परतले.

घरी येऊन आठवडा झाला. तळहातावरचा दोराचा फोड बसला, कपडे धुतले गेले. उरलंय ते शीड भरतानाचं माझं ओरडणं, आणि मालकी अशीही असू शकते हे इतक्या उशिरा कळल्याची थोडी लाज. खिडकीतला माणूस शब्द पाळेल असं मला वाटतं. पण सही त्याच्या साहेबांची लागते.

म्हणून घाट कार्यालयाच्या साहेबांना जाहीर विचारणा. बत्तीस कुटुंबांच्या नावे परवाना देणार की नाही? देणार नसाल तर कोणत्या नियमानं? उत्तर लेखी हवं, सहीशिक्क्यासह, कौसाबाईच्या पत्त्यावर, प्रत मला. मंगळवार, २७ जानेवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत.