एक गाणं, सहा पार्ट्या

भागोजी शाहीर लागोपाठ दोन वर्षं हरला होता, आणि तेही रामजीकडून.

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या धारेवर भागोजीची वाडी. घरं वीस-बावीस. दोन म्हशी, चार शेळ्या, उतारावरची नाचणी आणि गणपतीतली जाखडी, एवढ्यावर तो साठीला आला होता. जाखडीत पोरं घुंगरू बांधून गोल नाचतात आणि मधोमध शाहीर बसतो. एका वाडीचा शाहीर सवाल टाकतो. दुसऱ्यानं त्याच चालीत जबाब द्यायचा, पण शब्द नवे हवेत. शेजारवाडीचा रामजी शब्द जुळवण्यात पटाईत होता. भागोजीला अलीकडे जबाब सुचायचा तो घरी परतताना, अर्ध्या वाटेवर.

यंदा हरला तर बाहेरचा शाहीर आणायचा, असं वाडीच्या मुंबईकर मंडळानं ठरवलं. सेक्रेटरी रावजीनं तसं पत्रच धाडलं. साळूबाईनं ते ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "बरं झालं. एक गणपती तरी घरात दिसाल."

पत्र आलं त्याच मे महिन्यात पुतण्या सुनील सुट्टीवर आला. तो मुंबईत फोर्टातल्या हॉटेलात कामाला होता. कुणा गिऱ्हाइकानं विसरलेली एक कॅसेट त्यानं आणली होती. वर लिहिलं होतं रिदम अँड ब्लूज. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं एक जुनं गाणं, आणि तेच गाणं सहा जणांनी म्हटलेलं. सुनीलला दोन दिवसांत कंटाळा आला. जाताना त्यानं टेपही चुलत्याकडेच ठेवला.

भागोजीला कंटाळा आला नाही. म्हशी माळावर सोडायच्या, टेप दगडावर ठेवायचा आणि ऐकत बसायचं. त्याच्या लेखी प्रकरण सरळ होतं. चाल एक आणि गाणारे सहा, म्हणजे सहा पार्ट्या. पहिल्या बाईनं सवाल टाकलाय, बाकीचे जबाब देतायत. सामना कोण जिंकलं, तेवढं ठरवायचं राहिलं होतं.

श्रावणात सुनील दोन दिवसांसाठी आला. भागोजीनं त्याला टेपसमोर बसवलं आणि प्रत्येक जण काय म्हणतो ते विचारलं.

"बाई बाप्याला सांगते, जातोस तर जा, पण दाराची कडी तूच लावून जा."

"आणि दुसरा?"

"तेच."

"शेवटचा?"

"तात्या, सगळे तेच म्हणतात. शब्द बदलत नाय."

भागोजी चक्रावला. शब्द तेच, तर मग जबाब कुठं दिला? पण शेवटचा माणूस गायला लागला की म्हशी कुठं गेल्या याचंही त्याला भान राहायचं नाही, हेही खरं होतं. पहिली बाई भांडत होती. हा मात्र कडीला हात लावून उभा होता.

गौरी गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या पडवीत सामना लागला. रामजीनं ठेवणीतला सवाल काढला. उडती चाल, ढोलकी नुसती नाचत होती.

थकला बैल, दावं सोडा,
औताला आणा नवा जोडा.

बैल कोण, ते पडवीतल्या शेळीलाही कळलं. लोक हसून लोळले. रावजीसुद्धा हसला.

भागोजी उठला. नेहमीसारखंच त्याला काही सुचलं नव्हतं. त्यानं ढोलकीवाल्याला हातानं थोपवलं आणि रामजीचेच शब्द घेतले. थकला बैल. दावं सोडा. एकेक शब्द उतारावरून गुरं उतरावीत तसा, पाय जपत. गेल्या चैत्रात त्यानं आपला बैल विकला होता. पडवीत असे बरेच होते. हसू हळूहळू विरलं. नाचणारी पोरं उभी राहिली. बायकांच्या बाजूला कुणीतरी पदर डोळ्यांना लावला. रामजी आपलं गाणं असं ऐकत होता, जणू ते दुसऱ्याचंच होतं.

पंचांनी बराच वेळ कुजबुज केली. नवे शब्द नाहीत, म्हणजे जबाब नाही. मानाचा नारळ रामजीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रावजी दारात आला. बाहेरच्या शाहिराचं सांगायला आला असणार, म्हणून साळूबाईनं चहा टाकला नाही. रावजी बराच वेळ छत्री झटकत राहिला. मग म्हणाला, "तात्या, दिवाळीनंतर मुंबईला गावकीच्या खोलीत कार्यक्रम हाय. कालचं गाणं म्हणशील काय?"

"आणि बाहेरचा शाहीर?"

"तो कशाला आता?"

भागोजीनं आत बघितलं. साळूबाई चुलीवर आधण ठेवत होती.

"माझी ना नाय," तो म्हणाला. "पण आधी रामजीला विचार. गाणं त्याचं हाय."

रावजी तसाच डोंगर उतरून शेजारवाडीला गेला. रामजीनं परवानगी दिली, पण एका अटीवर. आधी तो स्वतः म्हणणार, त्याच्या पद्धतीनं, मग भागोजी. दोघं एकाच एसटीनं मुंबईला गेले, आणि अट ठरलेली असूनही पहिल्यांदा कुणी म्हणायचं यावर पनवेलपर्यंत भांडले.