चाळीसच्या वेगाने आजारी पडलेली गाडी

टर्बोचार्जर कसा चालतो हे ऐकल्याशिवाय आमच्या घरातून कोणी चहा पिऊन बाहेर पडू शकत नाही. आमच्या ह्यांनी खडकीच्या कारखान्यात उभा जन्म इंजिनांत काढला, आणि निवृत्तीनंतर हौसेने टर्बो डिझेल गाडी घेतली. तेव्हापासून पाहुणा दिसला की हे सुरू होतात. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटीशी चक्री फिरवतो, तिच्याच दांड्यावर दुसरी चक्री असते, ती बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. हवा जास्त म्हणून डिझेल जास्त, म्हणून लहान इंजिनाला मोठ्याचं बळ. इथपर्यंत पाहुणे माना डोलावतात. पुढे तेलाचा अध्याय येतो. वेळेवर तेल बदललं नाही तर त्या चक्रीचा दांडा कसा झिजतो आणि टर्बो कसा शिट्ट्या मारायला लागतो, हे सांगताना ह्यांचा आवाज खाली येतो, घरातल्या आजारपणाबद्दल बोलावं तसा. लेकीच्या सासरची मंडळी पहिल्यांदा आली तेव्हा पोहे संपायच्या आत हे ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरपर्यंत पोचले होते. लग्न तरीही झालं.

आणि असा हा माणूस गाडी चालवतो चाळीसने. चौथा गिअर, गाडी कण्हतेय, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा हजाराच्या आसपास लोळतोय. का, तर डिझेल वाचतं. कर्वे रस्त्यावर सायकलवाले आम्हाला ओलांडून जातात आणि जाताना वळून बघतात.

मला मात्र हायवेला गाडी चालवायची होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रीतसर क्लास लावला, लायसन्स काढलं, पेढे वाटले. पण ह्यांच्या मते मी रेस फार द्यायचे. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गळा काढेपर्यंत दाबायचे, हे खरं आहे. मला तो आवाज आवडतो. मी पार्किंगमधून गाडी काढली की दुसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीत येऊन शांतपणे म्हणायचे, "विमान आलं वाटतं." मग गेटपाशी गाडी थांबायची, मी उतरायचे, हे बसायचे. माझं सगळं ड्रायव्हिंग पार्किंग ते गेट. वॉचमन याहून जास्त अंतर चालतो.

मग एके दिवशी गाडीत पिवळा दिवा लागला. हल्लीच्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर एक जाळी असते, चहाच्या गाळणीसारखी. धुरातली काजळी तिथे अडकते. गाडी जोरात पळाली की धूर इतका तापतो की ती काजळी आपोआप जळून जाते. गाडी पळालीच नाही तर गाळणी चोंदते. सर्व्हिस सेंटरमधल्या पोरीने हसू दाबून विचारलं, "काका, फक्त सिटीतच चालवता का?" हे म्हणाले, "चालवतो, पळवत नाही." तिने कॉम्प्युटर लावून जाळीतली काजळी जाळून दिली आणि बजावलं, पुन्हा दिवा लागला तर लगेच हायवेला अर्धा तास सणसणीत पळवून आणा, नाहीतर पुढच्या वेळी जाळीच बदलावी लागेल.

दोन महिन्यांत दिवा पुन्हा लागला. गंमत म्हणजे हे सगळं ह्यांना तिच्याआधीच पाठ होतं. ते रोज सकाळी पट्टी काढून तेल बघायचे आणि तेल वाढलेलं बघून घाबरायचे. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. काजळी जाळायचं काम अर्धवट सुटलं की त्यासाठी सोडलेलं जादाचं डिझेल खाली तेलात उतरतं, तेल पातळ होतं, आणि पातळ तेल म्हणजे टर्बोच्या जिवावर उठलेलं, असं हे मला समजावत होते आणि मी म्हणत होते, "अहो, मग पळवा ना."

ते एकटे गेले, सातारा रस्त्याला. दुपारी परत आले तर दिवा तसाच. मी विचारलं, "किती वेगाने चालवलीत?" बूट काढता काढता म्हणाले, "पन्नास. पुढे ट्रक होता." ट्रकला ओलांडता आलं असतं, हे त्यांनाही माहीत होतं. पुढच्या रविवारी पुन्हा गेले आणि दुसऱ्या ट्रकच्या मागून परत आले. डोक्याला सगळं कळत होतं, पायाला पटत नव्हतं. बंगळुरूहून लेकीने फोनवर निकाल दिला, "बाबा, विकून टाका. कॅबने फिरा." मला तर रडूच आलं. हे गॅलरीतून खालच्या गाडीकडे बघून आले आणि म्हणाले, "अगं, ते... तुझं लायसन्स कुठे आहे?"

माझं लायसन्स पर्समध्ये होतं. कायमच असतं.

आम्ही मुंबईच्या दिशेला निघालो. गेटपाशी मी थांबले नाही. चांदणी चौक, हिंजवडीची गर्दी, मग रावेत मागे पडलं आणि समोर सरळ, रुंद, मोकळा रस्ता आला. हे खिडकीच्या वरचं हँडल धरून बसले होते. "चौथ्यातच ठेव," म्हणाले, "मुद्दाम. काटा अडीच हजाराच्या खाली येऊ देऊ नकोस." मी दाबलं. टर्बो जागा झाला आणि सीटने मला पाठीत असा धक्का दिला की मी हसायला लागले. हसणं थांबेना. मी एक ट्रक ओलांडला, मग दुसरा, मग एक लाल बस, आणि बसमधल्या एका आजीबाईंना उगाचच हात केला. "दोन्ही हात स्टिअरिंगवर," हे म्हणाले. थोड्या वेळाने गरम लोखंडाचा वास आला. मी पाय सैल केला, तर ज्या माणसाने मला इतकी वर्षं फक्त "पाय काढ" एवढंच सांगितलं होतं, तो डॅशबोर्डवरून नजर न हलवता म्हणाला, "काढू नकोस. वास येणारच, काजळी जळतेय. अजून थोडं दाब."

लोणावळ्याच्या अलीकडे दिवा विझला. आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं. मला वाटतं ह्यांचे डोळे भरले होते, पण ते म्हणाले ऊन लागतंय.

लोणावळ्याला उतरून टपरीवर चहा घेतला. मी दोन ग्लास प्यायले आणि चहावाल्याला मी विनाकारण सांगितलं की गाडी मीच चालवत आणली. मग माझा उत्साह हळूहळू उतरला. औषधाचं काम झालं होतं. परतीला गाडी कोणी चालवावी याबद्दल गाडीचं काही म्हणणं नव्हतं. मी किल्ली ह्यांच्यापुढे धरली.

त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग बॉनेटकडे. ग्लास खाली ठेवून, कारखान्यातल्या आवाजात म्हणाले, "इंजिन गरम असताना ड्रायव्हर बदलायचा नसतो. टर्बोला मानवत नाही."

असा काही नियम नाही. ते व्याख्यान मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन, आणि त्यात असं वाक्य कुठेच नाही. या माणसाच्या तोंडून इंजिनाबद्दल चुकीचं काही निघालेलं मी संसारात पहिल्यांदाच ऐकत होते.

"हो का," मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं." आणि ते डाव्या बाजूला जाऊन बसले.