दाबून काढलेली चित्रं

दवाखान्यात त्याला सगळे फोटोग्राफर म्हणत. काम सोनोग्राफीचं. वीस वर्षं त्याने माणसांची पोटं पाहिली, मूत्रपिंडातले खडे शोधले, पित्ताशयं धुंडाळली. त्याच्याइतकं स्वच्छ चित्र दुसऱ्या कुणाचं येत नसे, हे तो स्वतःही मान्य करी. विनय त्याच्या वाट्याला जरा कमीच आला होता. युक्ती साधी होती. पोटातला वायू आड येतो, म्हणून प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचं यंत्राचं टोक, जोर लावून दाबायचा. वायू सरतो आणि आतलं लख्ख दिसतं. नवख्यांना तो सांगे, "हातात दम पाहिजे."

मग सांध्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं त्या जातीच्या संधिवाताचे पेशंट त्यांच्याकडे येत. औषध वाढवायचं की कमी करायचं हे ठरवताना त्यांना सांध्याच्या आत डोकवायचं असे. आत दाह असला की तिथे रक्त जास्त धावतं आणि पडद्यावर लाल ठिपके उमटतात. ठिपके नसले की रोग निवला असं धरायचं. यासाठी फोटोग्राफरला दोन दिवसांचं शिक्षण मिळालं. त्यातला दुसरा दिवस त्याने मागच्या बाकावर डुलक्या काढण्यात घालवला. पोटं पाहणाऱ्याला बोटं काय अवघड, असं त्याचं गणित.

त्याची वहिनी पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होती. छापलेले कागद दुमडायचे, सुईदोऱ्याने शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. तिला संधिवात होऊन चार वर्षं झाली होती आणि औषधाने तो आटोक्यातही होता. मागच्या वर्षी मनगट आणि बोटांची मुळं पुन्हा दुखायला लागली. बाहेरून सूज फारशी नाही, रक्ताचे आकडे धड वर नाहीत की धड खाली नाहीत. म्हणून डॉक्टरीणबाईंनी चित्र मागवलं, आणि ते दिरानेच काढलं.

"भाऊजी, जरा हळू. दुखतंय."

"थोडं सोस, वहिनी. चित्र चांगलं यायला हवं ना."

चित्र फार चांगलं आलं. एकही लाल ठिपका नाही. औषध निम्म्यावर आलं. घरी दादाने, त्याच्या थोरल्या भावाने, निकालच लावून टाकला. "आता मशीननेच सांगितलं. कामाचा कंटाळा आलाय हिला, दुसरं काही नाही." वहिनीने दिराकडे पाहिलं. आणि या शहाण्याने काय म्हणावं? "चित्र खोटं बोलत नाही, वहिनी." त्या दिवसापासून तिने दुखण्याचं नाव काढलं नाही. हातातून कप पडला की मुलगी म्हणे, "आई, नाटक पुरे," आणि ती गुपचूप तुकडे गोळा करी. चार महिन्यांनी तिने कारखाना सोडला. विचारणाऱ्यांना सांगितलं, डोळे साथ देत नाहीत.

अकरा महिन्यांनी फोटोग्राफरच्या अंगठ्याला नखुरडं झालं. ठणका असा की प्रोब दाबणं अशक्य. त्या सकाळी एका शिक्षकाचं मनगट तपासायचं होतं. त्याने भरपूर जेल ओतलं आणि प्रोब नुसता टेकवला. पडदा लालेलाल झाला. नवल वाटून, अंगठ्याची पर्वा न करता, त्याने सवयीने दाबलं. लाल गेलं. हात सैल केला, परत आलं. तीनदा करून पाहिलं. पोटातला वायू सरावा तसं बारीक नसांतलं रक्त त्याच्या जोराने सरत होतं. जो रोग शोधायचा, तोच हा पुसून टाकत होता.

शिक्षक गेल्यावर त्याने वहिनीची जुनी चित्रं उघडली. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये जेलचा काळा पट्टा दिसला पाहिजे, असं शिक्षणात मिळालेल्या पुस्तिकेत चक्क ठळक अक्षरांत छापलं होतं. वहिनीच्या एकाही चित्रात पट्टा नव्हता. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्याला मान वर करवेना. लाजेने त्याचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला बोलावून घेतलं. नेहमीची तपासणी म्हणाला. मनात चोर होताच. आता चित्र नीट काढू, रोग उलटला म्हणू, औषध वाढेल, तिला बरं वाटेल. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. या वेळी त्याने इतक्या हलक्या हाताने काम केलं की ती दोनदा म्हणाली, "सुरू केलंत का?" पडद्यावर लाल दाटून आलं. एका बोटाच्या हाडाची कडा कुरतडल्यासारखी झाली होती. ती आता भरून येणार नव्हती.

"हे लाल मागच्या वेळी नव्हतं ना?" वहिनीने विचारलं. "आत्ता आलंय?"

"हो," तो म्हणाला.

तिने मान हलवली. "म्हणजे तेव्हा मी खरंच नाटक करत होते. तेव्हाही दुखायचं, भाऊजी. मग मी मलाच रागवायचे. म्हणायचे, किती ढोंगी बाई आहेस गं तू."

एवढं ती अगदी साधेपणाने बोलली, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही वहिनी," तो म्हणाला, "तेव्हाही होतं. मी दाबलं, म्हणून दिसलं नाही. आत्ता हो म्हणालो तेही खोटं." मग त्याने सगळं सांगितलं, मागच्या बाकावरच्या डुलक्यांसकट.

तिने एकेक बोट कागदाने पुसलं. त्याला वेळ लागला. मग म्हणाली, "घरी चला. सगळ्यांसमोर सांगा."

त्याने सांगितलं. मुलगी उठून आईजवळ जाऊन बसली. दादा नजर चोरत म्हणाला, "मशीन जुनं झालं असेल."

"मशीन चांगलं आहे, दादा. हात माझा होता."

वहिनी म्हणाली, "माझ्यासारखे किती जण आहेत?"

"त्रेपन्न."

"माझ्या घरी तुम्ही आलात. त्यांच्या घरी कोण जाणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डॉक्टरीणबाईंसमोर उभा राहिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजपासून सांधे दुसरं कुणी बघेल. या सगळ्यांना परत बोलवायचं. फोन मात्र तुम्हीच करायचे."

यादीत वहिनीच्या खालोखाल एका बाईंचं नाव होतं. फोन त्यांच्या नवऱ्याने उचलला. "पुन्हा तपासणी कशाला?" तो म्हणाला. "काही झालेलं नाही तिला. आठ-दहा महिने लागले तिला हे पटवायला. आता कुठे कुरकुर थांबलीय. उगाच तिच्या डोक्यात भरवू नका."

फोटोग्राफरने फोन दुसऱ्या हातात घेतला. "त्यांना फोन द्या," तो म्हणाला. "मला त्यांची माफी मागायची आहे."