करवती काठाची फणी

नागपूर स्टेशनचा पूल बाबांना चढवेना. सारा जन्म मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसण्यात गेलेला, त्यामुळे गुडघे पायरीगणिक कुरकुरत होते. आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी अहमदाबादला डिझाइन शिकायला निघाले होते, सरकारी स्कॉलरशिपवर. पाचपावलीच्या आपल्या गल्लीत तुम्ही सगळे हसला होतात. घरात माग असताना पोरगी कापड शिकायला एवढ्या लांब जाते म्हणजे काय! आईने खिडकीच्या गजांतून माझी बोटं धरली. "सांधनीची सवय ठेवजो वं. बोटं लवकर इसरते." बाबा म्हणाले, "सोड तिचा हात, गाडी सुटन."

गल्लीत राहिलेल्या तुम्हाला सांधणी काय ते सांगायला नको. पण माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्या मुलांसाठी लिहिते. लुगडं विणून झालं की ते कापून घ्यायचं, पण ताण्याच्या उभ्या धाग्यांची वीतभर शेपटं मागावरच ठेवायची, फणीच्या, म्हणजे मागावरच्या कंगव्याच्या, फटींत ओवलेली. बोटांना राख लावून एकेका शेपटाला नव्या ताण्याचा एकेक धागा पिळून जोडायचा. हे बायकांचं काम. आमच्या मागावरचा करवतीच्या दात्यांसारखा करवती काठ माझ्या पणजीने ओवला होता म्हणे. तेव्हापासून कुणी नव्याने ओवला नाही, फक्त जोडत गेले. कोणता धागा कोणत्या फटीत, हे घरात कुणाला पाठ नव्हतं. पाठ असायची गरजच कधी पडली नाही.

कॉलेजात माझी चांदी झाली. सरांनी करवती काठाची स्लाइड दाखवली आणि मी उठून आडवं सूत नेणारे तीन धोटे कसे चालतात, काठाचे दाते कसे पडतात ते धडाधड सांगितलं. आपल्या गल्लीत जे शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्यावर मी तिथे टाळ्या घेतल्या. हळूहळू बाबांना मी 'कारागीर' म्हणू लागले आणि आपल्या घराला 'फील्ड'. शेवटच्या वर्षी आई गेली. मी पोचले तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती.

त्यानंतर सांधणी बाबाच करायचे. एका लुगड्याला दुप्पट दिवस लागायचे, पण माग चालू होता.

मला अहमदाबादेतच एका डिझाइन ऑफिसात नोकरी लागली. आमच्या ऑफिसकडे परदेशातल्या एका प्रदर्शनाचं काम आलं. नुसती लुगडी काय टांगायची, मागाचा जीवच दाखवू, ही अक्कल माझी. नागपूरला आले आणि बाबांना म्हटलं, फणी आणि तिच्यामागची दोऱ्यांची चौकट द्या, दोन महिन्यांत परत आणते.

"अन् तवर मी काय करू?"

"आराम करा."

हे मी म्हणाले. स्वतःच्या बापाला, ज्याचा एकच माग होता.

बाबा मागाच्या खड्ड्यातून वर आले. मग म्हणाले, "ने. तुया मायचा हात हाय त्याच्यात. तिकडच्या लोकाईले दिसू दे." त्यांनी स्वतः शेपटांसकट सगळं उतरवलं आणि आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून दिलं.

दोन महिन्यांचे सात झाले. खोकं मी पाचपावलीत, बाबांच्या समोरच उघडलं. फणी तेल लावून लखलखीत पुसलेली होती, आणि शेपटं नव्हती. प्रदर्शन मांडणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. मांडणीच्या सूचना मीच लिहिल्या होत्या. काचेच्या पेटीत सगळं स्वच्छ दिसावं, काही लोंबू नये, असं माझ्याच अक्षरात होतं. शेपटं ठेवा, हे लिहायचं मला सुचलं नाही. कोष्ट्याच्या पोरीला सुचलं नाही.

बाबांनी फणीवरून बोट फिरवलं. "धुवून आनली काय वं?" एवढंच म्हणाले.

आम्ही ओवायला बसलो. मधलं साधं अंग जमलं. काठापाशी अडलं. माझ्याकडे ग्राफ पेपरवर काढलेला काठ होता, सुरेख, शाईने. त्यात काठ दिसत होता, धाग्यांचा क्रम नव्हता. विणून बघितलं तर दाते वाकडे, मध्येच गळालेले. उसवलं, पुन्हा ओवलं. माझी बोटं लाकडासारखी झाली होती. दुसऱ्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "तुई सुट्टी किती हाय?"

"उद्या सकाळची गाडी आहे. सोमवारी मीटिंग आहे."

"मंग जाय."

आणि मी गेले. पंधरा दिवस राहिले असते तर कदाचित जमलं असतं. कदाचित नसतंही. पण राहायला हवं होतं, आणि मी राहिले नाही. याला दुसरं नाव नाही.

त्यानंतर बाबा कामठीच्या पॉवरलूमवर जाऊ लागले, रोज बसने. तुटलेले धागे जोडायचं बसल्या जागेचं काम त्यांना कुणीही दिलं असतं. त्यांनी सुताचे गठ्ठे उचलायचं घेतलं, त्या गुडघ्यांनी. का, ते मला कळेना. पत्रात विचारलं तर उत्तरात फक्त तब्येत बरी असल्याचं.

कळलं ते त्यांच्या तेराव्याला. तुम्हीच अंगणात बसून मला समजावत होतात. एक काकू म्हणाल्या, "तुया बापानं डोळ्यापायी माग सोडला वं. धागाच दिसे ना त्याले, आम्हाले सांगे. नाही तं तुई फनी परदेशातून आल्यावर किती खुश होता वं तो!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी काही न खोडता चहाचे कप गोळा करायला उठले. डोळे गेले असं गल्लीला सांगितल्यावर धागे जोडायचं काम बाबा कोणत्या तोंडाने मागणार होते?

अहमदाबादेत आता माझं घर आहे, नाव आहे, करवती काठावर भाषणं द्यायला बोलावतात. पाचपावलीत मी दोन दिवसांच्या वर टिकत नाही. तुम्ही जेवायला बोलावता, पाटावर बसवता, बापाचं नाव काढलं म्हणता. माझं माहेर ते एवढंच उरलंय, आणि ते बाबांच्या खोटं बोलण्यावर उभं आहे. हे वाचल्यावर बोलावणार नसाल, तर नका बोलावू. पण त्यांच्या मागे त्यांना आंधळं म्हणू नका. बाबांचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते.